रडली नाही ती

“बाप मेला तवा ही रडली नाय,” मंगळीने डॉक्टरांना सांगितलं. “भांडी घासत बसली.”

नाशिकच्या त्या लहानशा खोलीत जयवंती आईशेजारी मान खाली घालून बसली होती. वय एकोणपन्नास, मोखाडा तालुक्यातल्या एका उपकेंद्राची नर्सबाई. तिची भाची हर्षदा नाशकात नर्सिंगला होती. २००६ साली वर्गात स्वमग्न मुलांविषयी शिकवलं, तेव्हा तिला सारखी आत्याच दिसत राहिली. तिनेच हट्टाने दोघींना इथे आणलं होतं.

डॉक्टर लहानपणाविषयी विचारत होत्या, मंगळी आठवून सांगत होती. कडेवर घेतली की पोर ताठ व्हायची. ढोल वाजले की घरामागे पळायची. लग्न करून दिलं, तर नवऱ्याने, रोहिदासने, दहा महिन्यांत परत आणून सोडली. मारहाण नाही, भांडण नाही. ही घरात असून नसल्यासारखी, एवढंच त्याचं म्हणणं. मग जयवंती शिकली, नोकरीला लागली. तिने दिलेलं इंजेक्शन पोरांना कळतही नाही, असं पाड्यांवर म्हणत. पण मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलू लागले की ती उठून बाहेर जाई. शिष्ट म्हणून तिचं नाव झालं होतं. गेलं वर्षभर तर सकाळी अंथरुणातून उठणंच होईना. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही.

अशा दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं सांगितलं. हा जन्मापासूनचा आहे, औषधाने जाणारा नाही. बायकांमध्ये तो पुष्कळदा ओळखूच येत नाही; त्या इतरांचं बघून बघून तसं वागायला शिकतात, आणि त्यातच थकून जातात.

जयवंतीने एकच विचारलं, “म्हणजे बाकीच्यांना हे शिकावं लागत नाही?”

डॉक्टर नाही म्हणाल्या.

स्टँडवर हर्षदाने हळूच विचारलं, रोहिदासला कुणाकडून तरी कळवायचं का. तो जामसरला होता, दुसरं लग्न होऊन त्याला नातवंडं झाली होती. जयवंतीने थोडा विचार केला. आता कशाला, म्हणाली. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

एसटीने त्र्यंबक मागे टाकलं. मंगळी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मी तुला मारलं व्हतं त्या दिशी. समद्यांदेखत. रड म्हणून.”

“हो.”

“तुला वाईट वाटलं व्हतं का? बापाचं?”

“घासलेली भांडीच मी परत घासत होते, आई. हात थांबवले असते तर पुढे काय करायचं, ते मला कळत नव्हतं.”

मंगळीने पदर तोंडावर घेतला. जयवंतीने रिकाम्या सीटवर ठेवलेली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

पोशेऱ्याला उतरून घरी आल्या तेव्हा ऊन कलत होतं. जयवंती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. थोड्या वेळाने शेजारची हौशी आली. डॉक्टर काय म्हणाला, जयवंती कुठंय, असं विचारत ती दाराशी आली.

“भाईरच बस,” मंगळीचा आवाज आला. “निजलीय ती.”

जयवंती जागीच होती. ती उठली नाही.