भिंतीवरचे इतर

मित्रांनो, साताऱ्याच्या कॅम्पात काळ्या दगडाचं, टोकदार कमानींचं एक जुनं चर्च आहे ना, ते मी. विलायतेहून आलेल्या नकाशावरून मला इथल्या पाथरवटांनी बांधलं. बर्फ घसरावा म्हणून नकाशात छपराला मोठा उतार होता. तोही त्यांनी इमानाने दिला. बर्फ अजून आलेला नाही.

माझ्या बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. गोरे शिपाई देवाला भेटायलाही बंदूक घेऊन येत. देवाने कधी तक्रार केली नाही.

पंचेचाळीस साली लढाई संपली आणि माझ्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसली. पलटणीतल्या मेलेल्या साहेबांची इंग्रजीत नावं, आणि तळाला एकच शब्द, 'इतर'. शेजारच्या जुन्या पाटीवर एका साहेबाच्या घोडीचं नाव आहे, वयासकट.

एके दिवशी म्हसवडकडून हरणाबाई आली. तिचा सयाजी इटलीत पडला होता. प्रेत आलं नाही, नुसती तार आली.

"आवं दादा," ती राखणदार हरिबाला म्हणाली, "आमच्यात लढाईत पडल्याला दगुड उभा करत्यात. सायबानं ह्यो केलाय म्हनं. माजा सयाजी दावा."

"ह्यात सायबांची नावं हाईत, आक्का."

"आन त्या पल्याडच्या पाटीवर?"

"ती घोडी."

"घोडीला नाव, आन माज्या लेकाला न्हाई?"

हरिबाने घाईघाईने तळाच्या शब्दावर बोट ठेवलं. "हितं बघ. ह्यात हाय तुजा सयाजी."

"येवढ्याशात?"

"दाटीवाटीनं हाय. पर हाय."

हरणाबाई त्या शब्दाला कपाळ लावून रडली. मग तिने तो काथ्याने घासून धुतला, हळद लावली. पुढच्या अमावास्येला आणखी आया आल्या.

"सरक की गं, माजा ज्ञानूबी ह्यातच हाय."

"सरकू कुटं? माज्या लेकावर हात पडंल तुजा."

साहेब लोक सत्तेचाळीसला गेले. आया येतच राहिल्या. दर अमावास्येला घासणं, धुणं, हळद. साहेबांची नावं अजून ठसठशीत आहेत, कारण त्यांना कुणी हात लावत नाही. घोडीचंही तसंच. 'इतर' मात्र पंचवीस वर्षं झिजत झिजत यंदा पार गेलं.

परवा हरणाबाईने बोटाने चाचपलं. "हरिबा, कुटं गेला वं?"

हरिबाने तिचं बोट धरून गुळगुळीत दगडावर ठेवलं. "हितंच हाय."

तिने काथ्या घेतला आणि घासायला लागली.

मित्रांनो, जुनी अक्षरं घासू नयेत, ओल्या फडक्याने हलकेच पुसावीत. एवढं हरणाबाईला तुमच्यापैकी कुणीतरी सांगा. हरिबाला ते जमलेलं नाही.