गप्प बसणारे पाहुणे

ऑफिसात तिला सगळे ‘कटकट’ म्हणत. तीही ओ द्यायची. ऑनलाइन खेळाच्या सर्व्हरमधली खोट काढायचा पगार तिला मिळत होता, आणि खोट निघाली की कटकट होणारच.

या खेपेची खोट साधी होती. खेळाडू आला की सर्व्हर त्याला खुर्ची देऊन विचारायचा, ‘आपण कोण?’ पाहुणा गप्प राहिला तरी उत्तराची वाट बघत राहायचा. कुणी टवाळ असे गप्प पाहुणे पाठवत राहिला, की सगळ्या खुर्च्या अडायच्या आणि खरे खेळाडू बाहेर ताटकळायचे.

साहेबांनी तिची दुरुस्ती अडवून ठेवली. "नुसतं येऊन गप्प कोण बसेल? माणसं खेळायला येतात."

गेल्या आठवड्यात गप्प पाहुणे आले. सर्व्हर आडवा झाला. संध्याकाळी साहेबांचा मेल अख्ख्या ऑफिसला गेला: चाचणीत निष्काळजीपणा झाला. चाचणी करणारी ती एकटीच, त्यामुळे नाव लिहायचीही गरज पडली नाही. कटकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. दुरुस्तीला मंजुरी अजून नव्हतीच, आणि शनिवारी मोठी स्पर्धा.

तिनं मावशीला फोन केला. "शुक्रवारी तुमच्यातल्या किती जणी मोकळ्या आहेत गं?"

शुक्रवारी साहेब गुंतवणूकदारांना घेऊन मीटिंगच्या खोलीत शिरले, तर प्रत्येक खुर्चीत एकेक मावशी. सख्खी, चुलत, मावस, एक तर नुसतीच शेजारीण. मांडीवर पर्स, नजर समोर.

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

मावश्या गप्प.

"कुणाकडे आलात?"

एकीनं चष्मा पुसला. गुंतवणूकदार प्रिंटरला टेकून उभे राहिले. साहेब तणतणत कटकटीच्या टेबलाशी आले.

"कोण आहेत या बायका?"

"अजून सांगितलं नाही त्यांनी, सर. वाट बघू."

"किती वेळ?"

"आपला सर्व्हर बघतो तितका."

"अगं, बोलत नाहीत तर उठव ना त्यांना!"

"हेच लिहिलंय मी दुरुस्तीत. थोडं थांबायचं, बोलला नाही तर उठवायचं. तुमच्या मंजुरीशिवाय कशी उठवू?"

साहेबांनी दातओठ खात फोनवरून मंजुरी दिली. "तरी मी म्हणतो, असं खरंच करतं कोण?"

उघड्या दारातून ऐकणाऱ्या थोरलीला राहवलं नाही. "अहो, मग आम्ही सकाळपासून काय करतोय?"

मावश्या उठल्या. धाकटीनं गुंतवणूकदारांना आपली खुर्ची दाखवली. "बसा. गरम आहे."

शनिवारी कुणीतरी पुन्हा गप्प पाहुणे पाठवले. सर्व्हरनं त्यांना उठवलं, स्पर्धा पार पडली. सोमवारी मेल आला: साहेबांच्या दूरदृष्टीमुळे संकट टळलं. लिहिला होता साहेबांनीच. जुन्या मेलबद्दल चकार शब्द नाही.

कटकट त्यांच्या केबिनमध्ये गेली. टेबलासमोरच्या एकुलत्या एका खुर्चीत बसली, मांडीवर पर्स ठेवली.

"काय काम आहे?"

ती गप्प.

"त्या निष्काळजीपणाच्या मेलबद्दल का?"

तिनं चष्मा पुसला. दाराबाहेर गुंतवणूकदार येऊन ताटकळले होते.

साहेबांनी कीबोर्ड पुढे ओढला. तिनं मान जराशी वाकडी करून पडद्याकडे बघितलं. या खेपेला नाव लिहितात का, ते बघायचं होतं.