शामकलाच्या हातावरचा सरडा

ग्रामपंचायतीसमोरच्या कडुनिंबाखाली त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या कामठ्याहून एकेका मोटारसायकलवर तिघेतिघे आले होते, शाळेतली मुलं भिंतीवर चढली होती आणि मधोमध रंगबाबा हातात फांदी धरून उभे होते. फांदीवर हिरवागार घोयरा, म्हणजे रंग बदलणारा सरडा, बसला होता. आमच्या भागात या सरड्याला लोक सापाइतकं भितात. त्याचा श्वास लागला तरी माणूस मरतो म्हणतात. तोच सरडा बाबांच्या बोटांवर सावकाश चालताना पाहून बायांनी तोंडाला पदर लावले.

"ये जनावर नहीं है, माय! ये दरबार का मुन्शी है!" बाबा गरजले. "मन साफ, तो सरडा हरा. मनात करनी, तो सरडा काला. वकील नको, कोर्ट नको, तारीख नको!"

तारीख नको म्हटल्यावर मंडळी भलतीच खूश झाली. मी या गावातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. मागे उभी राहून मी हसत होते. सरपंचांच्या हातावर सरडा हिरवा राहिला. हातभट्टीची दारू गाळणाऱ्या केशोरावच्या हातावरही हिरवाच राहिला, तेव्हा तर मला हसू आवरेना. बाबांचा मुक्काम केशोरावच्याच घरी होता.

मग दुधराम पुढे आला. त्याच्या दोन दुभत्या म्हशी एका आठवड्यात गेल्या होत्या. माणूस रडून रडून अर्धा झाला होता. "बाबा, कोनं केलं तेवढं सांगा," तो म्हणाला.

बाबांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि शामकलाला बोलावलं. ही टेकचंदची बायको. दुधरामच्या शेताला लागूनच ठेक्याच्या जमिनीत दोघं धान करायची. महिन्याभरापूर्वी धुऱ्यावरच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरच्या पाण्यावरून तिचं दुधरामशी कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ते बाबांच्या चेल्यानं आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. बाबांनी तिला उन्हात उभं केलं. सरडा पाठीला धरून उचलला, तिच्या तळहातावर दाबला आणि त्याच्या डोक्यावरून मोरपिसांचा झाडू दोन-चारदा फिरवला. सरडा फुगला, फिसकारला आणि बघता बघता काळा पडला.

"कारा झाला! कारा झाला!" भिंतीवरची मुलं ओरडली. मी हसायची थांबले.

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, दहा-बारा दिवसांवर आली होती. आमच्याकडे रोवणी एकटीदुकटीनं होत नाही. बायांची टोळी आज एकीच्या बांधीत, उद्या दुसरीच्या, असं करत सगळ्यांचं धान रोवते. प्रत्येकीचा हात प्रत्येकीच्या शेतात लागतो. टोळीची म्होरकी शकुंतलाबाई तिथेच सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या बांधीत तू हात नोको लावजो, शामकला. आन आमी बी तुया बांधीत येत नाई."

म्हणजे शामकलाचं पऱ्हं, तिची धानाची रोपं, वाफ्यातच म्हातारी होणार. महिना-सव्वा महिना उलटला की ती रोपं रोवून काही उपयोग नसतो.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. रडली नाही. "म्याडम, तुमी हासून राहिले होते," ती म्हणाली. "मंग मले सांगा, तो कारा काऊन झाला?"

मी सांगितलं. हा सरडा घाबरला की काळा पडतो. घार, कावळा वरूनच येतात, म्हणून वरून आलेला हात आणि वरून फिरलेली सावली त्याला शत्रूच वाटते. सरपंचांना बाबानं सावलीत बसवलं होतं आणि हात फांदीपुढे धरायला लावला होता. तिथं सरडा आपणहून चालत गेला. तुझ्या हातावर मात्र तो कोंबला गेला.

"पोलिसात जाऊ," मी म्हटलं. "जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे."

टेकचंद दारात उभा होता. "पोलीस येऊन जातीन, म्याडम. गावात आमालेच राहाचं हाय."

तेव्हा मला माझी हुशारी सुचली. सरडा शामकलाच्या हातावर हिरवा राहिलेला गावाला दाखवायचा! माझ्या अंगणातल्या मेंदीच्या कुंपणात एक सापडला. वन्यजीव कायद्यानं तो पाळता येत नाही. हा गुन्हा मी केला आणि तो इथे कबूल करते.

लिंबाच्या झाडाभोवती जुनी मच्छरदाणी बांधून त्याला तिथे सोडलं. पहिला आठवडा शामकला नुसती झाडाजवळ बसायची. पानांवर पाणी शिंपडायची. तो थेंब चाटून प्यायचा, एक डोळा तिच्यावर आणि दुसरा भलतीकडे. ती जरा हलली की अंगावर काळे पट्टे.

"अजून भेवून राहिला, म्याडम."

"तूही भितेस त्याला."

"मी कायले भेतो? आता गावच मले भेते."

दुसऱ्या आठवड्यात ती बोटांत नाकतोडा धरून हात फांदीखाली स्थिर ठेवू लागली. हात अवघडायचा, पण हलवायचा नाही. चौथ्या दिवशी जीभ सटकन आली आणि नाकतोडा गेला. शामकला दचकली आणि मग त्या दरबारापासून पहिल्यांदा हसली. तिसऱ्या आठवड्यात तिनं हात फांदीच्या पुढे आडवा धरला. त्यानं एक पाय ठेवला, मागे घेतला, पुन्हा ठेवला. मी तिला बजावलं होतं: ओढायचं नाही, वरून धरायचं नाही, तो काळवंडला की लगेच फांदीवर परत. एकविसाव्या दिवशी तो तिच्या मनगटावर अर्धा तास हिरवा बसून राहिला.

तोवर गावाची रोवणी निम्मी झाली होती. शामकलाचं पऱ्हं पिवळं पडू लागलं होतं.

रविवारी बाबांचा दरबार पुन्हा भरला. मी आणि शामकला गर्दीतून थेट पुढे गेलो. मनगटावर सरडा, रंग हिरवा. मी बाबांच्या हातातला मोरपिसांचा झाडू घेतला आणि सरपंचांच्या हातावर बसलेल्या बाबांच्या मुन्शीवरून सपासप फिरवला. मुन्शी काळाठिक्कर पडला.

"काय सरपंच, करणी कधीपासून शिकलात?" मी विचारलं.

मंडळी खदखदून हसली. सरपंचही हसले. मी सगळं उलगडून सांगितलं: ऊन, सावली, वरून धरणं, खालून हात देणं. माना हलत होत्या. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, जिंकलो.

शकुंतलाबाई पुढे आली. ती वाईट बाई नाही, हे मी आजही म्हणते. तिनं खरंच विचारलं, "पन म्याडम, हिच्या हातावर तो असा गुमान काऊन बसला?"

"तिनं तीन आठवडे रोज सवय लावली त्याला."

"रोज? जवळ बसून?"

"हो."

"आपल्या हातानं चारून?"

"हो, तुम्हीही करू शकता. हात पुढे करा."

कोणी हात पुढे केला नाही. शकुंतलाबाई दोन पावलं मागे सरली. "मंजे इनं त्याले वश केलं," ती हळूच म्हणाली.

बाबांना एवढंच हवं होतं. "जिने दरबार का मुन्शी फोड़ लिया," ते किंचाळले, "वो तुमको छोड़ेगी?"

दुधरामच्या हातात गुरं हाकायची काठी होती. मी मध्ये पडेपर्यंत ती शामकलाच्या मनगटावर बसली होती. सरडा पळालासुद्धा नाही. माणसाच्या हाताला भ्यायचं नाही, हे आम्हीच त्याला शिकवलं होतं. तो तिथेच मेला. शामकलाच्या हाताची दोन हाडं मोडली.

मग मी तक्रार केली. बाबा आणि दुधराम दोघांनाही अटक झाली, दोघंही जामिनावर सुटले. बाबा आता दुसऱ्या तालुक्यात दरबार भरवतात, ऐकते की सरड्याऐवजी नारळ वापरतात. टेकचंद आणि शामकला आमच्याकडच्याच गोरेगावला तिच्या भावाकडे निघून गेले. त्यांच्या वाफ्यातलं पऱ्हं कोणाच्या तरी गुरांनी खाल्लं. परवा फोनवर मी तिला हाताचं विचारलं. "बोटं वळत नाई, म्याडम," ती म्हणाली. "रोवणी जमत नाई आता."

दुधरामच्या म्हशी घटसर्पाच्या रोगानं मेल्या होत्या. लसीकरणाच्या दिवशी त्यानं त्या लांब चरायला नेल्या होत्या. हे मला ठाऊक होतं, आणि पहिल्याच दिवशी मी ते मोठ्यानं म्हणाले नाही, कारण मी हसण्यात गुंग होते. पुढे मी त्याहून मोठी चूक केली. बाई निर्दोष आहे हे सरड्याकडून वदवून घ्यायला निघाले, म्हणजे निवाडा सरड्यानंच करायचा हे मी मान्य केलं. तो काळा पडला तेव्हा ती दोषी, आणि हिरवा राहिला तेव्हाही ती दोषीच ठरली.

म्हणून हात जोडून सांगते. सरडा घाबरतो तेव्हा काळा पडतो, यापलीकडे त्या रंगाला काही अर्थ नाही. उद्या तुमच्या गावात कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर तिला परीक्षेला उभी करू नका, पास करून दाखवायलासुद्धा नाही. म्हैस कशानं मेली, एवढंच विचारा, पहिल्याच दिवशी विचारा, आणि दहाजण मिळून विचारा. मी एकटी होते आणि मला उशीर झाला.