छबू दुसरी पास

"तात्या, एका दिसापुरतं नेताय का रोजचं? खरं सांगा," दगडाबाई म्हणाली.

"रोजचं गं बाई!" मी म्हणालो. "साहेबाची सही झाली की शाळेला दुसरा मास्तर येतोय. तुमच्या पोरांसाठीच!"

साल एकाहत्तर. शेवगावच्या बाजूला असं ऊन पडलं होतं, की एका सरड्यानं माझ्याकडं सावलीसाठी धोतराचा सोगा मागितला. खोटं वाटत असेल तर सरड्याला विचारा. पुढचं मात्र घडलेलं आहे.

गावच्या शाळेत पोरं अठ्ठावीस. दुसरा मास्तर मिळायला पटावर चाळीस लागायची. ओढ्यापलीकडं भिल्लवस्ती होती, पण तिथल्या पोरांना शाळेत या असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. सरपंच श्रीमंतरावांनी मला बोलावलं. "गहिनीनाथ, तुझ्या बोलन्याला मानसं भुलत्यात. बारा पोरं घिऊन ये."

पोरं रोज शाळेत बसतील, असं मलाही खरंच वाटलं. मी वस्तीवर घंटेचं, नकाशाचं असं काही वर्णन केलं, की दोन म्हाताऱ्याही निघाल्या.

दगडाबाईनं कोसभरावरून आणलेल्या हंड्यातलं अर्धं पाणी आपल्या पोरीच्या, छबूच्या अंगावर ओतलं. सात वर्षांची छबू तेल लावून पहिल्या रांगेत बसली. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी डोकी मोजली, सही केली, सरपंचाकडं कोंबडी खाल्ली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बारा पोरं दारात. मास्तर उंबऱ्यावर आडवा.

"जागा न्हाई. सोमवारी या."

सोमवारी म्हणाला, "पाटी कुठाय?"

दगडाबाईनं पाटी आणली. मग म्हणाला, "गावातली मानसं कुरकुर करत्यात, बाई. दमानं घ्या जरा."

दुसरा मास्तर आला. त्याच्यासमोर गावातलीच पोरं बसली. मी सरपंचाला गाठलं. "आवो, मी त्यांना शबुद दिलाय!"

"तुझा शबुद?" सरपंच पोट धरून हसले. "लेका, तू सरड्याला धोतर नेसवतो!"

पुढं दुष्काळी कामं निघाली. छबू आईशेजारी बसून खडी फोडू लागली.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये लांबच्या एका गावी आश्रमशाळा सुरू झाली. राहणं, जेवण फुकट. फक्त गावच्या शाळेचा दाखला पाहिजे. मास्तरनं मुकाट्यानं लिहून दिला. दगडाबाई, छबू आणि मी सात कोस चालत गेलो. तिथल्या गुरुजींनी कागद वाचला.

"पोरगी दुसरी पास हाय की. पहिलीत कशी घेऊ?"

"आवो, ती शाळंत बसलीच न्हाई!" दगडाबाई ओरडली.

"दोन वर्सांत एक खाडा न्हाई, असं लिवलंय."

"मंग तिसरीत घ्या."

गुरुजींनी पुस्तक पुढं केलं. छबूनं चित्रातल्या बैलावर बोट ठेवलं. ते तिथून हललंच नाही.

"न्हाई जमायचं, बाई. शिक्का हाय ह्याच्यावर. दुसरा दाखला आना."

दुसरा कुठून आणणार? तो दिला असता, तर दोन वर्षांची हजेरी खोटी ठरून मास्तरच घरी बसला असता.

परतीच्या वाटेवर छबूनं तो कागद चुरगळू नये म्हणून दोन्ही हातांत धरला होता. बाभळीखाली टेकलो, तेव्हा तिनं विचारलं, "तात्या, दुसरीत मी काय काय शिकले वो?"

मी दगडाबाईकडं बघितलं.

"सांगा की," ती म्हणाली. "शाळंत तुमीच नेलंत तिला."