रिकामा परत आलेला गंज

मित्रांनो, माझं बूड काळं आहे, काठाला पोचे आहेत आणि एक कडी खिळखिळी झाली आहे, त्यावरून माझं वय ओळखा. मी उंद्री गावातला पितळेचा एक जुना गंज आहे. शहरातली मुलं मला मोठं पातेलं म्हणतील. म्हणू द्या. पण माझ्या एका पोटात निम्म्या गावाचं वरण शिजतं, हे त्यांना सांगून ठेवा. स्वभावानं मी तापट आहे. ज्याचा जन्म चुलीवर गेला, त्याच्याकडून थंडपणाची आशा कुणी करू नये.

देऊळगाव राजाला बालाजीच्या जत्रेत दयाराम नावाच्या शेतकऱ्यानं मला विकत घेतलं. दुकानदारानं माझ्या काठावर ठोकून त्याचं नाव घातलं आणि मी एस.टी.च्या टपावर बसून उंद्रीला आलो. मग काय, कुणाचं लग्न असो, तेरवी असो, की शेतातले रोडगे, मला बोलावणं ठरलेलंच. तालुक्याचे रहेमतुल्ला चाचा दरवर्षी कापसाचा बोळा फिरवून मला आतून कल्हई करायचे आणि मी चांदीसारखा चकाकायचो. तेव्हा माझी फार ऐट होती आणि ती मला शोभतही होती.

दयाराम गेल्यावर त्याच्या दोन मुलांनी वाटणी केली. थोरला हिंमतराव, धाकटा गोकुळ. शेत वाटलं, बैल वाटले, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, घरात मधोमध भिंत आली. मला मात्र कुणी वाटलं नाही. बापाचं नाव असलेला गंज दोघांचा, असं ठरलं. मी थोरल्याकडे राहायचो आणि काम निघालं की धाकट्याकडे जायचो. सगळं गोडीत चाललं होतं.

मग गोकुळानं मळ्यात रोडगे ठेवले. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वांग्याची भाजी आणि माझ्यात शिजलेलं वरण, असा तो बेत असतो. आमच्याकडे अशा जेवणाचं आवतण देण्याची रीत आहे. आवतण ‘चूलबंद’ असलं, म्हणजे त्या घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं आणि घरची चूल त्या दिवशी पेटवायची नाही. स्वयंपाक तयार झाला की पुन्हा एक माणूस दारोदार जातो आणि पानं मांडल्याचं सांगतो. हे दुसरं बोलावणं आल्याशिवाय मानी माणूस जागचा हलत नाही.

आवतणाचं काम गोकुळानं आपल्या मेहुण्याला, शेखरला दिलं. शेखर गावभर फिरला, शेजारपाजार केला, पण हिंमतरावांच्या दारावरून तसाच पुढं गेला. घरच्याला कसलं आवतण, असं गोकुळानंच त्याला सांगितलं होतं. बोलावणं करतानाही तेच झालं.

तिकडे घरी, मला मागाहून कळलं तसं, हिंमतराव आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसलेले. पहिलं आवतण आलं नाही, ते त्यांनी पोटात घातलं. आपण घरचेच, असं तेही म्हणाले. पण पानं मांडल्याचं तरी कुणी सांगायला येईल की नाही? त्यांच्या बायकोनं, विमलबाईनं गॅस पेटवला नव्हता. त्यात बुलढाण्याहून त्यांची मुलगी अश्विनी आणि जावई गणेश आलेले. सारं गाव जेवून ढेकर देत परतलं आणि या घरातला जावई उपाशी! शेवटी विमलबाईनं खिचडी टाकली. जावई बिचारा मुकाट्यानं जेवला, पण हिंमतरावांना घास गेला नाही.

मळ्यात मी गोकुळाला पाहत होतो. प्रत्येक पंगतीला तो रस्त्याकडे बघायचा. भाऊ आला नाही, म्हणजे भाऊ आपल्यावर जळतो, असं त्यानं ठरवून टाकलं. एक माणूस पाठवून विचारावं, एवढी अक्कल त्या डोक्यात आली नाही. मित्रांनो, भांड्याला भांडं लागायचंच, अशी म्हण तुम्ही माणसांनी केली आहे. आम्ही भांडी एकमेकांना लागतो, खणकन वाजतो आणि गप्प बसतो. तुमचा खणखणाट मात्र वर्ष वर्ष चालतो. आमचं नाव कशाला खराब करता?

गोकुळाची बायको पूनम तर फणफणलीच होती. संध्याकाळी तिनं मला घासलं आणि शेखरच्या हाती परत पाठवलं. रिकामं! आमच्या गावात भांडं रिकामं परत करत नाहीत. दोन रोडगे ठेवतात, नाही तर मूठभर गहू तरी. विमलबाईनं माझ्यात डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

हिंमतराव उठले ते थेट धाकट्याच्या दारात.

“माह्या जावयाले उपाशी ठेवलं तुनं,” ते म्हणाले.

“आवतण द्यायले तू पाव्हणा होता का? भावाच्या घरी पायानं येता येत नाही?”

“अन् गंज रिकामा धाडला, तो कोन्त्या नात्यानं?”

मग जे बोलणं झालं ते मी सांगणार नाही. मेलेल्या बापापर्यंत गेलं ते. गावातले मोतीराम मध्ये पडले, पण आग विझवायला नव्हे. ते म्हणाले की एवढा एक गंज राहिला आहे, तोही तोडून अर्धा अर्धा घ्या, म्हणजे कटकट मिटेल. दोघंही हट्टाला पेटलेले, दोघंही हो म्हणाले. तालुक्याच्या बाजाराला जाऊन मला जुनी भांडी घेणाऱ्या मोडवाल्याकडून कापून आणायचं ठरलं.

पण नेणार कोण? आधी जो उचलेल तो नमला, असा दोघांचा हिशोब. मी दोन घरांमधल्या बोळीत पडून राहिलो. कोंबड्या माझ्यात पाणी प्यायल्या, पाला कुजला, आतून हिरवा कळंक चढला. भावाभावांत विस्तव जात नव्हता. एक रस्त्यानं आला की दुसरा गल्लीत शिरायचा. शेखर मोबाईलवर टोमण्यांचे स्टेटस ठेवायचा आणि हिंमतराव ते पुन्हा पुन्हा बघून तडफडायचे. मला दोघांचाही राग यायचा. दयारामाचं नाव कळंकाखाली बुजत चाललं होतं, आणि त्याच्या दोन्ही मुलांना ते रोज दिसत होतं.

पुढं हिंमतरावांनी ईर्षेनं स्वतःचे रोडगे ठेवले. बिछायत केंद्रातून अॅल्युमिनियमची भांडी भाड्यानं आणली. गावाला चूलबंद आवतण, फक्त गोकुळाचं घर सोडून. रोडगे झाले की येत्या बाजारी गंजाचाही निकाल लावायचा, असंही त्यांनी भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. माझं पितळ थंड पडलं.

अश्विनी रोडग्यांसाठी माहेरी आली होती. आदल्या दिवशी ती एकटी निघाली आणि माझ्यासमोरून जाऊन काकाच्या दारात उभी राहिली. तिनं परक्या घरी द्यावं तसं रीतसर आवतण दिलं, की उद्या रोडगे आहेत, चूलबंद यावं. गोकुळाचं तोंड एवढंसं झालं.

“मले आवतण? म्या काय परका हाय का, पोरी?”

“काका, तुमी देलं नाही तं बाबा परके झाले. मी देऊन राह्यली तं तुमी परके होता. मंग करू तरी काय, तुमीच सांगा.”

गोकुळ तसाच आत गेला. पूनम मात्र आत गेली नाही. ती बोळीत आली, तिनं मला उचललं आणि चिंच लावून घासायला बसली. हात दुखेपर्यंत घासलं. मग काठोकाठ गहू भरला.

दुसऱ्या दिवशी गोकुळ टोपी घालून ओट्यावर बसला, शेजारी मी. घरात गॅस बंद. आवतण पोरीचं होतं. भावाचं बोलावणं येतं का, ते पाहायचं होतं. मळ्याकडून भाजल्याचा वास येऊ लागला. माणसं दारावरून जेवायला गेली, काही जेवून परतलीसुद्धा. उपाशी वाट बघणं म्हणजे काय असतं, ते तेव्हा गोकुळाला कळलं असावं. मला तरी त्याच्या बसण्यावरून तसं वाटलं.

तेवढ्यात हिंमतराव आले. आवतणाचं अश्विनीनं त्यांना सांगितलं असावं, पण कुणाला पाठवलं नव्हतं, स्वतःच आले. चेहरा आंबट, हाताला राख.

“पानं मांडली. चाल.”

“शेखरसारखं कोनी धाडाचं ना. तू काऊन आला?”

“दुसऱ्याच्या भरवशावर बलावणं ठेवलं का ते रस्त्यातच रायते. म्या पाह्यलं हाय.”

मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. भरलेला गहू त्यांनी पाहिला आणि मान वळवली. पूनम दारातून हळूच म्हणाली की त्या दिवशी रिकामा गेला होता. गोकुळानं विचारलं, की बाजारी मोडायचा आहे ना.

“आधी जेव,” हिंमतराव म्हणाले. “मोडाचं मंग पाहू.”

ते जेवले, पण गळ्यात गळे घातले असं समजू नका. दोघंही खाली मान घालून जेवले म्हणे. बाजाराच्या दिवशी गोकुळानं मोटारसायकल काढली. मागं हिंमतराव, आणि दोघांच्या मध्ये मी. एकाची पाठ आणि दुसऱ्याचं पोट मला लागत होतं आणि दोन्ही ताठ होती. चौकात गाडी हळू झाली. उजवीकडं मोडवाल्याचं दुकान, डावीकडं रहेमतुल्ला चाचांची गल्ली.

“कुठं?” गोकुळानं मागं न बघता विचारलं.

हिंमतरावांचं बोट माझ्या काठावरच्या नावावरून फिरत होतं.

“डावीकडं घे.”

मित्रांनो, आज मी कल्हईनं पुन्हा आतून पांढरा आहे. ते दोघं अजूनही भांडतात, परवाच विहिरीच्या पाळीवरून भांडले. भांडू देत. पण पंगत बसायच्या आधी एक भाऊ दुसऱ्याच्या दारात स्वतः जातो. तुम्हीही एवढं करा. घरचाच आहे म्हणून कुणाला बोलावल्यावाचून ठेवू नका. घरच्याच माणसाला ते जास्त लागतं. आणि कुणाचं भांडं तुमच्याकडं राहिलं असेल, तर त्यात मूठभर काहीतरी घाला आणि आजच नेऊन द्या.