दोन बोटं दस्ता

पन्नाशीनंतर माणसानं बंदुका दुरुस्त करू नयेत. डोळे साथ देत नाहीत आणि गिऱ्हाईक ऐकत नाही. तरी बोरी अरबच्या बाजारात मी दुकान उघडून बसायचो, कारण दुसरं काही येत नव्हतं.

बासष्टच्या कार्तिकात बंजाऱ्यांच्या तांड्यावरची हंसाबाई आली. तिचा नवरा उत्तमसिंग लकव्यानं अंथरुणाला खिळलेला, म्हणून ज्वारीची राखण तिच्याकडे आली होती. परवान्यावरही तिचं नाव चढलं होतं. हातात सासऱ्याची विलायती दुनळी.

"वाहिदभाई, दस्ता दोन बोटं कापून द्या. मले लांब होते. डुकराईनं अर्धं वावर फस्त केलं."

तिनं बंदूक लावून दाखवली. मागचा लाकडी दस्ता खांद्यात बसेना, घसरून दंडावरच्या बांगड्यांवर यायचा. तसाच बार काढला असता तर हात मोडला असता.

पण काय चीज होती ती! अक्रोडाचा दस्ता, त्यावर हातानं कोरलेली जाळी, इतक्या वर्षांत एक चरा नाही. जन्मभर भंगार ठोकून मी विटलो होतो. करवत लावायला माझा हात धजेना.

"हिले कापनं गुनाह हाय, बाई. नागपूरचे शौकीन हिच्यासाठी जीव टाकतीन. कापली का सरपन झाली. इकून दुसरी घ्या."

"दुसरीचा परवाना कवा भेटन? पीक गेल्यावर?"

तिचं खरं होतं, म्हणूनच मला चीड आली.

"मंग त्या वरच्या बांगड्या उतरवा. बराबर बसन."

बोललो आणि जीभ चावली. तांड्यात दंडावरच्या बांगड्या उतरतात त्या नवरा गेल्यावरच. इतकी वर्षं त्या लोकांत माझी उठबस, आणि लाकूड वाचवायला मी तिचं कुंकू पुसायला निघालो होतो. ती बंदूक उचलून निघून गेली. मागे धावून माफी मागायला हवी होती. मी बसून राहिलो.

आठवड्यानं ती परत आली. दस्ता तिरपा तोडलेला, जाळी चिरफाळलेली.

"ह्याईनं कापला," ती म्हणाली. "एका हातानं. तीन दिवस कापून राह्यले होते."

"अन् ज्वारी?"

"डुकरं थांबतेत काय?"

कड खांद्याला टोचत होती, तेवढी घासून हवी होती. हरभरा तरी राखायचा होता. मी कानस घेतली. माझं अर्ध्या तासाचं काम मी त्या लुळ्या माणसावर टाकलं होतं. शरमेनं मला मान वर करवली नाही.