कुंपणापलीकडचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. सायकलचा. पितळी तोंड, मागे काळा रबरी फुगा, दाबला की पों. म्हणजे वाजायचो. आता फुगा फाटलाय, नुसती हवा जाते, तेव्हा जरा जवळ सरकून ऐका.

आधी एक पैज लावू. माझ्या गोष्टीचा शेवट ओळखून दाखवा. ओळखलात तर माझा फुगा एकदा फुकट दाबा. तुम्ही म्हणाल, भोंगा भंगारात गेला असेल. चूक. चोरीला गेला असेल. तेही चूक. घाई करू नका. मला अक्षरबिक्षर येत नाही, अख्ख्या जन्मात एकच शब्द शिकलो, त्यामुळे गोष्ट आपली जमेल तशी सांगणार.

माझा धनी पाववाला. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी, पुढे मी. आमच्या फेरीच्या रस्त्याला लागून तारेच्या जाळीचं कुंपण होतं आणि पलीकडे गोल्फचं मैदान. चांगली शिकलीसवरलेली माणसं तिथे एवढ्याशा पांढऱ्या चेंडूसमोर काठी घेऊन उभी राहायची. ढुंगण हलवायची, थांबायची, परत हलवायची. रस्त्यावरच्यांना फुकटची करमणूक.

"काका, उरका की, अंधार पडेल."

"अहो, गवतात काही हरवलंय का? आम्ही येऊ शोधायला?"

ट्रकवाले मुद्दाम हॉर्न द्यायचे. शाळेतली पोरं शिट्ट्या मारायची. पण या सगळ्यांचा बाप माझा धनी. तो सायकल झुडपाआड लावायचा आणि माझ्या फुग्यावर अंगठा ठेवून टपून बसायचा. काठी वर गेली, खांद्यामागे गेली, आता खाली येणार, की पों. चेंडू झाडीत. साहेबाचं तोंड बघण्यासारखं. मग धनी झुडपाआडून बाहेर यायचा आणि गरीब चेहरा करून विचारायचा, "साहेब, पाव हवाय? ताजा आहे."

एकदा एका जाड्या साहेबाने रागाने काठीच आमच्यावर फेकली. ती कुंपणावरून येऊन रस्त्यात पडली. धन्याने उचलली, पेटीला बांधली आणि म्हणाला, "आभारी आहे. पोराला खेळायला झाली."

तर ती काठी घरी आली आणि त्याचा पोरगा, गोट्या, तिनेच परसात चेंडू ढकलत मोठा झाला. इथून सगळं सुरू झालं. हसू नका, पैज विसरू नका.

गोट्या शिकला. चष्म्याचं दुकान टाकलं. मैदानावरचे साहेब लोक चष्मे करायला येऊ लागले. ओळखी वाढल्या आणि एक दिवस गोट्या कुंपणाच्या आत गेला, मेंबर म्हणून. आम्ही बाहेरच.

त्याने तिथे कुणाला सांगितलं नाही की तो भोंगेवाला आपला बाप आहे. धन्यालाही म्हणाला, "बाबा, तिकडून जात नका जाऊ ना."

"अरे, फेरीचा रस्ता आहे तो."

"मग निदान वाजवू नका. मी आत असतो."

"नाही वाजवणार," धनी म्हणाला. आणि गोट्या आत असला की खरंच नाही वाजवायचा. अंगठा शिवशिवायचा बिचाऱ्याचा. मला कळायचं, मी त्याच्या तळहाताखालीच असायचो.

मग ती कपाची स्पर्धा आली. गोट्या शेवटपर्यंत टिकला. धनी त्या दिवशी पाव विकायचा सोडून सकाळपासून कुंपणाला नाक लावून उभा. शेवटच्या खड्ड्याशी गोट्याने लांबून चेंडू मारला, तो गडगडत गेला आणि खड्ड्याच्या अगदी तोंडाशी थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता इथे घोळ झाला. माझ्या धन्याला या खेळातलं एकच कळायचं, ते म्हणजे काठी वर जाते. शेवटी चेंडूला नुसतं हळूच ढकलतात, तेव्हा काठी वर जातच नाही. तो भाग त्याने कधी बघितलाच नव्हता, त्यात वाजवायला मजा नाही म्हणून. टाळ्या ऐकून त्याला वाटलं, झालं, जिंकला पोरगा. गोट्या जवळ येऊन चेंडू ढकलायला वाकला आणि नेमका तेव्हाच धन्याने आनंदाने मला असा दाबला, असा दाबला, की तसा मी आयुष्यात वाजलो नव्हतो.

गोट्याचा हात हलला. चेंडू खड्ड्याच्या कडेने निघून गेला. कप दुसऱ्याला.

शेजारचा साहेब म्हणाला, "त्या पाववाल्याला एकदा धरून आणा रे कुणीतरी."

गोट्याने आमच्याकडे बघितलं. सरळ बघितलं. म्हणाला, "हो ना. कुठून येतात असली माणसं."

धन्याने सायकल वळवली. घरापर्यंत हाताने ढकलत नेली, बसला नाही.

रात्री सगळे जेवायला बसले. सून एकदा नवऱ्याकडे बघे, एकदा सासऱ्याकडे. शेवटी धनी म्हणाला, "मला वाटलं, संपलं."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं," गोट्या म्हणाला.

"नाही कळत. पण भोंग्यातलं कळतं. पुढच्या वर्षी मी नाही वाजवला, तर दुसरा कोणी वाजवेल. रस्ता काय बंद करणार आहेस? त्यापेक्षा तुझा कान पक्का करू."

आणि मग आमच्या परसात शाळा भरू लागली. जमिनीत एक वाटी पुरली. गोट्या चेंडू ढकलणार आणि त्याच घडीला धनी मला दाबणार. पहिल्या दिवशी गोट्या उडालाच. शेजारीण भिंतीवरून डोकावली, "अहो पाववाले, एक तर पाव द्या नाहीतर ते थांबवा." धन्याने तिला पाव दिला आणि परत वाजवला.

"दचकू नकोस," तो पोराला सांगायचा. "भोंगा वाजला की मनात म्हणायचं, कुणी नाही. म्हण."

"कुणी नाही."

"मोठ्याने म्हण. बाप उभा आहे हे विसर. कुणी नाही."

दिवस गेले तसं गोट्याचं उडणं थांबलं. मग नुसता खांदा हलायचा. मग फक्त कानाची पाळी. मग तीही हलेना. मी त्याच्या डोक्याशी जाऊन ठणाणा केला तरी चेंडू आपला वाटीत. मला जरा अपमानच वाटला, खोटं कशाला बोला. पण धनी खूश. "लागलं बघ औषध," म्हणायचा आणि माझ्या पितळेवरून फडकं फिरवायचा.

पुढच्या वर्षी शेवटच्या खड्ड्याशी गोट्या वाकला तेव्हा धन्याने कुंपणाबाहेरून मला दाबला, मुद्दाम, बरोबर घडीला. गोट्याची पापणीही लवली नाही. चेंडू आत. कप हातात देताना कुणीतरी विचारलं, "तो पाववाला केवढ्याने वाजवत होता, त्रास नाही झाला?"

"कोण पाववाला?" गोट्या म्हणाला. "मला ऐकूच आलं नाही."

सगळे हसले. कुंपणाबाहेर धनीही हसला. कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना सांगत होता, "माझाच पोरगा, आणि मलाच म्हणतो कोण पाववाला." हसता हसता डोळे पुसायचा. धूळ फार त्या रस्त्याला.

मग एका सकाळी तो सायकलवर बसायला गेला आणि बसलाच नाही. अर्धं अंग गेलं. वाचाही गेली. एवढा बोलका माणूस, तोंडातून नुसता घूं घूं आवाज.

सुनेला सुचलं. तिने मला सायकलवरून काढलं, खाटेच्या दांडीला बांधलं आणि म्हणाली, "बाबा, काही लागलं तर हा दाबा." मी धन्याची जीभ झालो. छोटा पों म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे कूस बदलायचीय. तिसराही एक होता, काही नको असताना मारलेला. तेव्हा ती ओल्या हाताने धावत यायची आणि हा अर्ध्या तोंडाने हसायचा. "खोड नाही गेली तुमची," म्हणायची आणि रागावल्यासारखं करायची.

एका सुट्टीच्या दिवशी सून माहेरी निघाली. नवऱ्याला म्हणाली, "अहो, संध्याकाळपर्यंत येते. भोंग्याकडे लक्ष ठेवा."

"आहे मी," गोट्या म्हणाला. तो खरंच होता. खिडकीच्या पलीकडे परसात, काठी घेऊन. पुढच्या आठवड्यात पुन्हा कपाची स्पर्धा होती.

पाण्याचा पेला जरा लांब राहिला होता. धन्याने हात पुढे केला, तोल गेला आणि खाटेवरून खाली आला. पाय अंगाखाली दुमडला. आतून आवाज आला, वाळकी फांदी मोडावी तसा. चांगला हात तेवढा वर राहिला होता. तो माझ्यापर्यंत पोहोचला.

पों.

परसात चेंडू वाटीत पडला. टक.

पों. टक.

मी माझ्या परीने जीव तोडून ओरडलो हो. रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. शेजारणीने सवयीने खिडकी लावून घेतली. तिला वाटलं, शाळा परत भरली. आणि खिडकीतून गोट्याचा आवाज आला, अगदी शांत, पाठ केल्यासारखा.

"कुणी नाही."

धनी थांबला. मग परत दाबू लागला, आता घाईघाईने, नखं रुतवून. माझा फुगा जुना. तो फाटला, फुस्स झालं, आणि माझं बोलणं तिथे संपलं. टक टक मात्र चालू होती.

सून आली तेव्हा उन्हं कलली होती. तिने किंचाळून हाक मारली तेव्हा गोट्या धावत आला. काठी हातातच होती.

"बाबा, मला खरंच ऐकू आलं नाही," तो म्हणाला. खरंच बोलत होता. धन्याने त्याच्याकडे बघून मान हलवली. त्याला ठाऊकच होतं, शिकवणी त्याचीच.

खुब्याचं हाड डॉक्टरांनी जोडलं. गोट्याने विजेची घंटा आणली, गल्ली जागी होईल अशी. तिचं बटण बापाच्या चांगल्या हाताखाली ठेवलं. आता सुट्टीला तो मैदानावर जात नाही. उंबऱ्यात बसून राहतो, कान देऊन. मध्येच विचारतो, "बाबा, वाजवलीत का?" घंटा वाजलेली नसते.

मला त्यांनी कपाटावर ठेवलंय, कपाच्या शेजारी. पाहुण्यांना वाटतं, मी पण बक्षिसातच आलो.

ओळखला होतात शेवट? मग घ्या, दाबा फुगा. फुस्स. कप गोट्याला मिळाला. ज्याने मिळवून दिला, त्याचे ओठ दुपारपर्यंत सुकून जातात, बटण बोटाखाली असतं, पण तो ते दाबत नाही, भिंतीकडे बघत पडून राहतो, कुणी आपणहून पाणी घेऊन येईपर्यंत.